अर्धा तास, एक टेबल आणि आपली भांडणं

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी ऑफिसात असताना फोन आला. एका न्यूज चॅनेलवरून. पाहुणे जमवण्याचं काम करणारी मुलगी बोलत होती. "सर, आज रात्री आठच्या चर्चेला एक मुस्लिम तरुण हवाय. शिकलेला आणि मराठी चांगलं बोलणारा. तुमचं नाव मिळालं." मी विषय विचारला. ती म्हणाली, "तेच सर, सध्या चाललंय तेच."

मी हो म्हणालो. खरं सांगतो, बरं वाटलं होतं. बार्शीला अब्बांना फोन केला. त्यांनी शेजारच्या दोन घरांत सांगितलं, अम्मीने मामूंना सांगितलं. मी इस्त्रीचा शर्ट घातला, लॅपटॉपखाली चार जाड पुस्तकं ठेवून कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर आणला आणि एका कागदावर पाच मुद्दे लिहून काढले.

पडद्यावर सहा खिडक्या होत्या. दोन प्रवक्ते, एक निवृत्त अधिकारी, एक मौलाना, एक 'विश्लेषक' आणि मी. माझ्या नावाखाली पदवी नव्हती, कंपनी नव्हती, गावही नव्हतं. 'मुस्लिम युवक' एवढंच होतं. अँकरने मला पहिला प्रश्न टाकला, "तुम्ही याचा निषेध करता का? हो की नाही?" मी म्हणालो, "करतो, पण..." त्या 'पण'वर माझा आवाज बंद झाला. नंतर रेकॉर्डिंग लावून मोजलं. पन्नास मिनिटांच्या कार्यक्रमात मी एकूण ४७ सेकंद बोललो होतो आणि माझ्या कागदावरचा एकही मुद्दा त्यात नव्हता.

दुसऱ्या दिवशी माझी क्लिप दोन्हीकडे फिरली. तिकडच्यांनी लिहिलं, 'बघा, निषेध करतानाही पण म्हणतो.' आपल्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं गेलं, 'याला निषेध करायला कुणी सांगितलं होतं? हा कौमच्या वतीने बोलणारा कोण?' क्लिप तीच होती, कापली होती तीही त्याच सेकंदाला. अब्बा दखनीत जे म्हणाले त्याचं मराठी असं, "एवढा शिकलास, आणि एक वाक्य पुरं करता आलं नाही होय रे तुला?"

त्या आठवड्यात झोप लागत नव्हती. रात्री बसून जुन्या मुलाखती बघायची सवय लागली. अशीच एका रात्री माल्कम एक्स यांचं नाव टाकून शोधताना १९६३ सालचं एक कृष्णधवल रेकॉर्डिंग सापडलं. माल्कम एक्स म्हणजे आमच्या इंजिनिअरिंगच्या होस्टेलमध्ये निम्म्या पोरांच्या लॅपटॉपचा वॉलपेपर. चष्मा, बोट कपाळाला लावलेलं. मीही लावला होता. पण त्या माणसाचं एका मिनिटापेक्षा जास्त बोलणं मी सलग कधी ऐकलं नव्हतं, हे त्या रात्री लक्षात आलं.

कार्यक्रमाचं नाव 'द ओपन माइंड'. १९५६ साली न्यूयॉर्कमध्ये रिचर्ड हेफनर नावाच्या इतिहासाच्या प्राध्यापकाने तो सुरू केला. आधी एनबीसीच्या तिथल्या केंद्रावर, पुढे सार्वजनिक टीव्हीवर. हेच हेफनर १९६२ साली न्यूयॉर्कच्या 'चॅनेल १३' या सार्वजनिक वाहिनीचे पहिले महाव्यवस्थापक झाले. कार्यक्रम एरवी अर्ध्या तासाचा, बहुतेक वेळा पाहुणा एकच. पार्श्वसंगीत नाही, खाली धावणारी पट्टी नाही. २०१३ च्या डिसेंबरात हेफनर वारले तोपर्यंत ते मुलाखती घेत होते. त्यानंतर त्यांच्या नातवाने ती खुर्ची घेतली.

हेफनर काही जादूगार नव्हते. त्यांचे प्रश्न कधी कधी इतके लांब असतात की पाहुण्याची दया येते. प्राध्यापकी सुटत नाही. पण एक गोष्ट ते करतात, प्रश्न संपला की गप्प बसतात.

१९५७ च्या फेब्रुवारीत त्यांच्याकडे मार्टिन ल्यूथर किंग आले होते. वय २८. माँटगोमेरीचा बसबहिष्कार ३८१ दिवस चालून आदल्याच डिसेंबरात संपला होता. शेजारी बसले होते न्यायाधीश वेटीज वेअरिंग, दक्षिण कॅरोलायनाचे गोरे गृहस्थ. शाळांमधला वंशभेद हीच मुळात विषमता आहे, असं त्यांनी १९५१ साली भिन्नमताच्या निकालपत्रात लिहिलं होतं आणि त्यापायी त्यांना आपलं गाव सोडून न्यूयॉर्कला यावं लागलं होतं. विषय होता 'नवा निग्रो', तेव्हाचा शब्द. किंग यांना कुणी 'निषेध करता का' असं विचारलं नाही. काळ्या माणसाची स्वतःकडे बघण्याची नजर कशी बदलली, यावर बोलणं झालं. पुढे ज्याची सुट्टी देशाने पाळली, तो माणूस तिथे एक तरुण पाद्री म्हणून विचार करताना दिसतो.

पण मला हलवलं ते १९६३ च्या भागाने. त्यावर तारीख आहे १२ जून. ही तारीख समजून घ्या. मे महिन्यात बर्मिंगहॅममध्ये शाळकरी मुलांवर पोलिसांनी कुत्रे सोडले होते, पाण्याचे फवारे मारले होते. ११ जूनला अलाबामा विद्यापीठात दोन काळ्या विद्यार्थ्यांना प्रवेश मिळू नये म्हणून तिथला गव्हर्नर स्वतः दारात उभा राहिला. त्याच संध्याकाळी अध्यक्ष केनेडींनी टीव्हीवरून नागरी हक्कांबद्दल भाषण केलं. आणि मध्यरात्र उलटून १२ तारीख लागल्यावर मिसिसिपीत मेडगर एव्हर्स या कार्यकर्त्याला त्याच्याच घरासमोर गोळी घालून मारलं. घरात बायको-मुलं होती.

अशा दिवसाची तारीख असलेल्या त्या विशेष भागात हेफनर यांच्यासोबत चार काळे पुरुष बसले आहेत. नेशन ऑफ इस्लामचे माल्कम एक्स. १९६१ च्या 'फ्रीडम राइड्स'मागच्या 'कोअर' संघटनेचे जेम्स फार्मर. किंग यांचे उजवे हात आणि बर्मिंगहॅमच्या लढ्याची आखणी करणारे वायट टी वॉकर. आणि 'एबनी' मासिकाचे संपादक अ‍ॅलन मॉरिसन.

मला वाटलं होतं चौघं मिळून समोरच्या गोऱ्या सूत्रधारावर आणि त्याच्या मागच्या सगळ्या गोऱ्या अमेरिकेवर तुटून पडतील. राग आहेच. पण ते आपसात भांडतात. माल्कम यांचं म्हणणं, गोऱ्यांच्या समाजात मिसळण्याची धडपडच फसवी आहे, वेगळं व्हा. फार्मर आणि वॉकर यांचं आयुष्य त्याच्या अगदी उलट बाजूला गेलेलं. एकाच बसमध्ये, एकाच शाळेत, एकाच टेबलावर हक्काने बसायचं, आणि तेही अहिंसेने. हे मतभेद तिथे कुणी झाकून ठेवत नाही. एकमेकांचे मुद्दे खोडतात, एकमेकांच्या मार्गाने काय साधलं याचा जाब विचारतात. आणि समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देतात.

मी ते पाहिलं आणि पहिला विचार काय आला असेल? 'अरे, हे लोकांसमोर कशाला?'

हा विचार माझा नव्हता. तो माझ्यात लहानपणापासून घातलेला होता. घरातलं भांडण चव्हाट्यावर न्यायचं नाही. गैरांसमोर आपसातलं बोलायचं नाही. आधीच सगळे टपून बसलेत, त्यांच्या हातात कोलीत कशाला द्यायचं. तुमच्याही घरात हे ऐकलं असेल. चॅनेलवाले आपल्या नावाखाली 'मुस्लिम युवक' लिहून आपल्याला एक तोंड देतात, अशी आपली तक्रार आहे. ती खरी आहे. पण एक तोंड आपणही मागतो. माझ्या क्लिपखाली 'हा कौमच्या वतीने बोलणारा कोण' असं लिहिणारा दोस्त आणि तो अँकर, दोघांनाही माझ्याकडून एकच गोष्ट हवी होती. सगळ्यांच्या वतीचं उत्तर. माझं उत्तर दोघांनाही नको होतं.

आता या 'एका आवाजा'ची किंमत बघू.

२०१४ च्या जुलैत तेव्हाच्या राज्य सरकारने अध्यादेश काढला. मराठा समाजाला १६ टक्के आणि मुस्लिमांमधल्या मागास गटांना ५ टक्के आरक्षण. नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला स्थगिती दिली, मुस्लिमांच्या नोकऱ्यांमधल्या आरक्षणालाही दिली, पण सरकारी शिक्षणसंस्थांमधल्या मुस्लिमांच्या ५ टक्क्यांना मात्र हात लावला नाही. तरीही अध्यादेशाची मुदत संपली, त्याचा कायदा झाला नाही आणि विषय मिटला. हे ज्या राज्यात घडलं तिथे २०११ च्या जनगणनेनुसार साडेअकरा टक्के लोक मुस्लिम आहेत. मी तेव्हा नुकता नोकरीला लागलो होतो, माझा चुलतभाऊ डिप्लोमाला होता. आम्ही टीव्हीवर काय बघितलं? 'धर्माच्या आधारावर आरक्षण हवं का, हो की नाही?'

खरा वाद त्याच्या आत होता. आरक्षण सगळ्या मुस्लिमांना मागायचं की मागास जातींना? शब्बीर अन्सारी आणि त्यांच्या सोबतच्यांनी कित्येक वर्षं महाराष्ट्रभर फिरून मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली. बागवान, अत्तार, कुरेशी, मोमीन, तांबोळी, पिंजारी, मुलाणी यांचं मागासपण धर्मातून आलेलं नाही, जातीतून आणि धंद्यातून आलेलं आहे, हे त्यांनी सांगितलं. आपल्याकडच्या कित्येक घरांत याला आजही उत्तर एकच, 'इस्लाममध्ये जात नाही.' लग्न ठरवताना मात्र पहिला प्रश्न कोणता असतो ते सगळ्यांना माहीत आहे. एक अत्तारांची नर्स आणि एक सय्यदांचे प्राध्यापक समोरासमोर बसून या विषयावर सलग अर्धा तास बोलताहेत, असं मी कुठल्याच पडद्यावर पाहिलं नाही. चॅनेलवर नाही, आपल्या जलशांच्या मंचावरही नाही.

दुसरी गोष्ट हमीद दलवाईंची. १९६६ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे त्या टेबलानंतर तीनच वर्षांनी, त्यांनी मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा काढला, तोंडी तलाकच्या विरोधात. आमच्या घरात त्यांचं नाव निघालं की अब्बा विषय बदलायचे. मी त्यांचं लिखाण वाचलं ते होस्टेलवर, पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालून. काही पटलं, बरंचसं नाही पटलं. पण नाही पटलं, हे तरी मी कुणाला सांगायचं? ज्यांना ते आवडायचे त्यांना माझी शंका चालत नव्हती, आणि ज्यांना ते नको होते त्यांना मी वाचलं हेच चालत नव्हतं. मतभेद बोलायची जागा नसली की माणूस सहमतही होत नाही आणि असहमतही होत नाही. तो फक्त पुस्तकाला कव्हर घालतो.

माल्कम यांच्याकडेच परत येऊ. समजा १२ जूनला त्या चौघांना कुणी सांगितलं असतं की आज आपला माणूस मारला गेलाय, आज एका आवाजात बोला. कोणता आवाज? माल्कम त्या दिवशी जे मांडत होते ते त्यांचे नेते एलिजा मुहम्मद यांचं म्हणणं होतं. त्या संघटनेच्या शिकवणीतल्या कितीतरी गोष्टी तुमच्या-माझ्या इस्लामशी जुळत नाहीत. वर्षही पुरं झालं नाही. १९६४ च्या मार्चमध्ये माल्कम संघटनेतून बाहेर पडले, एप्रिलमध्ये हजला गेले आणि परत आले ते गोऱ्या माणसाबद्दलचं आपलं जुनं मत मागे ठेवून. १९६५ च्या फेब्रुवारीत त्यांचा खून झाला. आज आपण वॉलपेपरवर ज्यांना लावतो ते हे सगळे माल्कम एकत्र करून. पण रेकॉर्डिंग आहे म्हणून आपल्याला कळतं की हा माणूस कुठून निघून कुठे पोचला. जो समाज आपल्या माणसांचं कच्चं बोलणं जपून ठेवत नाही, त्याच्याकडे शेवटी फक्त पोस्टर उरतात.

त्या टेबलाचं मी नुसतं कौतुक करत नाही. सूत्रधार धरून पाचही पुरुष. बर्मिंगहॅम असो की माँटगोमेरी, चालणाऱ्यांत बायका कमी नव्हत्या, पण टेबलाशी एकही नाही. आपल्या बैठकांचे फोटो काढून बघा, ६० वर्षांनंतर आपण तिथेच आहोत. आणि अमेरिकेतल्या काळ्यांची नि भारतातल्या मुस्लिमांची गोष्ट एक आहे असंही मी म्हणत नाही. त्यांना गुलामीतून यावं लागलं. आपल्याला संविधानाने पहिल्या दिवसापासून मत दिलं. जुळतं ते एवढंच की दोघांनाही सारखं कुणाच्या तरी प्रश्नाचं उत्तर द्यायला उभं केलं जातं.

म्हणूनच प्रश्न कोण विचारतो याला महत्त्व आहे. त्याच महिन्यांतली आणखी एक गोष्ट सांगतो. बॉस्टनच्या डब्ल्यूजीबीएच या सार्वजनिक वाहिनीने तीन मुलाखती केल्या. जेम्स बाल्डविन, माल्कम एक्स आणि मार्टिन ल्यूथर किंग, तिघांशी वेगवेगळं बोलणं. प्रश्न विचारणारे केनेथ क्लार्क स्वतः काळे, मानसशास्त्रज्ञ. काळ्या मुलांना काळी आणि गोरी बाहुली दाखवून त्यांच्या मनातली स्वतःची किंमत शोधणारे ते हेच. १९५४ च्या शाळांच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या कामाचा आधार घेतला होता. २४ मे १९६३ ला क्लार्क आणि बाल्डविन दोघंही न्यूयॉर्कमध्ये अ‍ॅटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांच्या बैठकीत होते. ती बैठक फार वाईट गेली. तिथून दोघं तसेच स्टुडिओत आले.

बाल्डविन आतून पेटलेले दिसतात. क्लार्क त्यांना आधी काय विचारतात? तुमचं लहानपण कुठे गेलं, हार्लेममध्ये शाळा कोणती. बाल्डविन थांबतात, शाळेबद्दल, मुख्याध्यापिकेबद्दल बोलायला लागतात. मग हळूहळू देशाबद्दल. मला कुणी टीव्हीवर कधी विचारलं नाही की बार्शीत तुझी शाळा कोणती. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की चौथीपर्यंत उर्दू आणि पाचवीला मराठी शाळेत गेलो तेव्हा तीन महिने मी फक्त हजेरीला बोलायचो. माझं सगळं राजकारण त्या तीन महिन्यांत आहे. पण त्यासाठी 'हो की नाही'च्या आधी चार मिनिटं लागतात.

ही चार मिनिटं का मिळत नाहीत, ते मला जरा आतून माहीत आहे. काही वर्षं मी व्हिडिओ दाखवणाऱ्या एका अ‍ॅपवर काम केलं. तिथे प्रत्येक व्हिडिओचा एक आलेख असतो. कितव्या सेकंदाला किती लोक सोडून गेले. बोलणारा विचार करायला थांबला की रेघ पडते. दोघं एकदम ओरडायला लागले की रेघ धरून राहते. कुणी बसून ठरवत नाही की मुसलमानाला बोलू देऊ नका. रेघ पडू द्यायची नाही एवढंच ठरलेलं असतं, बाकीचं आपोआप होतं. जाहिरातीवर चालणारा पडदा विचार करणाऱ्या माणसाला परवडत नाही. म्हणून सार्वजनिक टीव्ही लागतो. अमेरिकेत १९६७ साली त्यासाठी कायदा झाला. आपल्याकडे प्रसार भारतीचा कायदा १९९० ला झाला आणि अमलात यायला १९९७ उजाडलं.

आपल्याकडेही असं काही नव्हतंच, असं नाही. १९८५ च्या सुमाराला दूरदर्शनवर 'जनवाणी' नावाचा कार्यक्रम होता. विनोद दुआ सूत्रधार, समोर मंत्री आणि त्यांना प्रश्न विचारायला साधी माणसं. अब्बा एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. ते सांगतात, ज्या घरात टीव्ही होता तिथे जाऊन बघायचो, मंत्र्याला घाम फुटलेला बघायला मजा यायची. दूरदर्शन सरकारचंच होतं आणि सरकारचंच राहिलं, हे मला ठाऊक आहे. तरी आपल्या पैशावर चालणाऱ्या त्या वाहिनीकडे आपण काही मागतच नाही. आपण खासगी चॅनेलवर बहिष्काराचं आवाहन करतो आणि दुसऱ्या दिवशी तिथलीच क्लिप फॉरवर्ड करतो. सह्याद्रीवर एक अर्धा तास द्या, अशी शंभर पत्रं आपल्यातल्या तरुणांनी पाठवलेली मी ऐकलेली नाहीत. मीही पाठवलं नव्हतं. आता पाठवलंय, उत्तर यायचं आहे.

आपल्या बैठकीत मी हे सगळं मांडलं तेव्हा एका दोस्ताने नीट अडवलं. तो वकील आहे. म्हणाला, "तुझं १९६३ ठीक आहे. तेव्हा टेबलावर झालेलं भांडण कापून पंधरा सेकंदात फिरवता येत नव्हतं. आज तू आपल्या मौलानांना जातीवर प्रश्न विचार, ते जरा अडखळू देत, संध्याकाळपर्यंत तेवढा तुकडा कुठे कुठे वापरला जाईल ते बघ. तुझ्या मोकळेपणाची किंमत कुठल्या तरी गावातला गरीब माणूस मोजेल."

याला माझ्याकडे पुरं उत्तर नाही. भीती खरी आहे. मी एवढंच म्हणालो की तुकडा तर गप्प बसलो तरी कापतातच. माझं एक अर्धवट 'पण' त्यांना पुरलं होतं. 'ओपन माइंड'च्या जुन्या भागांचं बोलणं शब्दन् शब्द लिहून ठेवलेलं मिळतं. तुकडा फिरला तर अख्खं बोलणं दाखवता आलं पाहिजे, आपल्या पत्त्यावर, आपल्या हाताने ठेवलेलं. ज्याच्याकडे पूर्ण रेकॉर्डिंग आहे त्याला निदान काही दाखवता येतं. माझ्या त्या पन्नास मिनिटांचं मूळ चॅनेलकडे आहे. वकिलाला हे पटलं असं नाही. पण पुढच्या वेळी तो कॅमेऱ्यामागे उभा होता.

कारण आम्ही सुरुवात केली. बार्शीत, एका टेलरिंगच्या दुकानामागच्या खोलीत, दोन मोबाइल आणि उधारीच्या माइकवर. नियम दोनच. अर्धा तास सलग, आणि मधलं काही कापायचं नाही. पहिले पाहुणे एका मशिदीच्या कमिटीतले चाचा. विषय, मशिदीच्या जागेवरचे गाळे. भाडं किती येतं, ते त्यांनी सांगितलं. कुठे जातं, ते अर्धं सांगितलं. अकराव्या मिनिटाला मी विचारलं की जुम्याला बायकांसाठी जागा करायला किती खर्च येईल, याचा कधी अंदाज काढला का. चाचा गप्प झाले. मी हेफनरसारखा बसून राहिलो. एक मिनिट. शेवटी म्हणाले, "हे आम्हाला कधी कुणी विचारलंच नाही." मग चिडले, मग चहा मागितला.

ते मिनिट तसंच ठेवलं. माझ्या जुन्या ऑफिसातली रेघ तिथे जमिनीला टेकली असती. आजवर ३४० लोकांनी तो भाग पाहिलाय, त्यातले निम्मे बार्शीचेच असणार. अब्बांना दोन फोन आले, पोराला आवरा म्हणून. त्यांनी काय उत्तर दिलं ते मला सांगितलं नाही.

पुढच्या महिन्यात उर्दू शाळेच्या मोठ्या बाई येणार आहेत. सातवीनंतर मुली कुठे जातात, हा पहिला प्रश्न. तो अब्बांनी सुचवलाय. दुसरा अजून ठरायचा आहे.